निर्वंश काका आणि दोनशे चौदा मॅकनमारा

"ज्या कुळाला आपला इतिहास ठाऊक नाही, त्या कुळाला भविष्य नसतं," असं हेमचंद्र चिंचवलीकर यांनी एका मंगळवारी सकाळी नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या एका स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं. वाक्य चांगलं होतं. फेकही चांगली होती. फक्त त्या वेळी त्यांच्या हातात कचऱ्याचा डबा होता, आणि तोही चुकीचा.

"भविष्याचं मग बघू," त्यांच्या पत्नी जयंतीबाई म्हणाल्या. "आज कागदाचा वार आहे. तुम्ही प्लास्टिक घेऊन निघालात. मागच्या मंगळवारी शेजारच्या योपनी डबा परत आणून दारात ठेवला होता."

हेमचंद्र मुकाट्याने डबा बदलून आले. भूमी अभिलेख खात्यातून उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लेकीच्या घरी, तीन महिन्यांच्या व्हिसावर, कचऱ्याचे वार पाठ करावे लागतात, याची नोंद इतिहास घेईल की नाही, ते त्यांना माहीत नव्हतं. पण इतिहास हा विषय त्या दिवसांत त्यांच्याकडे अधिकृतपणे होता. चिंचवलीकर कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ती निघत होती, आणि संपादक श्यामकांत (हे हेमचंद्रांचे चुलत चुलतभाऊ, पुण्यात राहतात आणि सगळ्या चिंचवलीकरांच्या जन्मवेळा तोंडपाठ म्हणून दाखवतात) यांनी त्यांना 'युरोप विभागप्रमुख' नेमलं होतं. युरोप विभागात एकंदर एकच काम होतं. ते म्हणजे पान एकशे त्रेचाळीस.

पहिल्या आवृत्तीच्या पान एकशे त्रेचाळीसवर हेमचंद्रांच्या सख्ख्या काकांची नोंद अशी होती: 'वासुदेव. वैद्यकीय शिक्षणार्थ विलायतेस. निर्वंश.'

ही नोंद १९६५ सालची. काका तेव्हा तेहतीस वर्षांचे. तेहतिसाव्या वर्षी माणूस निर्वंश कसा ठरतो, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण पहिल्या आवृत्तीचे संपादक काकांचे वडीलच होते. काकांनी आयर्लंडमध्ये तिथल्याच एका नर्सशी लग्न केल्याचं पत्र आलं आणि आजोबांनी लेखणीच्या एका फटक्यात मुलाचा वंश खुंटवला. पुढची पत्रं 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत जाऊ लागली. काही वर्षांनी ती यायचीही थांबली.

आता हे सगळं हेमचंद्रांनी उकरून काढायचं कारण कुलवृत्तान्त नव्हता. कारण होत्या नीलांबरी आत्या. साताऱ्याच्या आत्या, वय एक्क्याण्णव, वासुदेवकाकांच्या पाठची बहीण. निघताना हेमचंद्र पाया पडायला गेले, तेव्हा आत्यांनी गादीखालून एक पाकीट काढून दिलं होतं. आत पत्र नव्हतं. पत्र आजोबांनी फाडलं होतं. पाकीट तेवढं आत्यांनी केराच्या टोपलीतून उचललं आणि साठ वर्षं गादीखाली ठेवलं. पाठीमागे काकांच्या अक्षरात पत्ता होता: मॅकनमारा यांच्या घरी, एनिस, परगणा क्लेअर.

"आयर्लंड तिथून जवळ आहे म्हणतात," आत्या म्हणाल्या होत्या. "वासूचं बघ हो काही. माझ्या डोळ्यांदेखत बघ."

हेमचंद्र "बघतो" म्हणाले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते रोज वीस जणांना "बघतो" म्हणत आले होते. पण हे "बघतो" त्यांना टोचत राहिलं.

जवळ असलं तरी जाता येत नव्हतं. त्यांच्या व्हिसावर युरोपातले एकोणतीस देश पालथे घालायची मुभा होती, आणि आयर्लंड नेमका तिसावा निघाला. राहता राहिला फोन. जावई निहार यांच्या नावावर घरातले तीन नंबर होते. त्यातला एक सासऱ्यांना दिला होता, आणि त्यावरून युरोपभर कितीही बोललं तरी वेगळे पैसे पडत नव्हते. ही शेवटची गोष्ट कळली त्या क्षणी हेमचंद्रांच्या संशोधनाला खरी गती आली, असं जयंतीबाईंचं निरीक्षण होतं.

सल्ले मात्र आधी आले.

"बाबा, सोपं आहे," निहार म्हणाले. "एका नळीत थुंकायचं आणि पाठवायचं. जगभरचे नातेवाईक सापडतात."

"परक्या देशात थुंकी पाठवायची?" जयंतीबाई म्हणाल्या. "आणि हे कळवणार काय? की आम्ही तुमचे नातेवाईक, आणि ही आमची थुंकी?"

शेजारच्या योपना विचारलं. योप म्हणजे वय ऐंशी, हेगच्या ट्रामवर चाळीस वर्षं चालक. अजूनही कोणती ट्राम कुठे किती मिनिटांनी येते हे घरबसल्या सांगतात आणि ती चुकली की व्यथित होतात. योप पुष्कळ विचार करून म्हणाले, "अनोळखी माणसाला एकदम फोन करणं बरं नाही. आधी कार्ड पाठवा. त्यात विचारा, फोन कधी केला तर चालेल."

"दोनशे चौदा कार्डं?"

"दोनशे चौदा का?"

"एनिसच्या आसपास तेवढे मॅकनमारा आहेत."

कोल्हापुरात जाऊन "पाटील कुठे राहतात हो?" असं विचारल्यावर जे होईल, तेच इथे होणार होतं. इंटरनेटवरच्या फोनच्या यादीतून ते दोनशे चौदा मॅकनमारा उतरवून देणारे सुबोध हे अमृताच्या, म्हणजे लेकीच्या, मित्रमंडळातले. रॉटरडॅमच्या बंदरात हरवलेले कंटेनर शोधणं हा त्यांचा व्यवसाय. "काका, कंटेनर काय आणि काका काय, पद्धत एकच," असं म्हणून त्यांनी रविवारी बसून एक्सेलचा तक्ता केला. फोन लागला तर पिवळा, नात्यातला नसेल तर लाल, मयत असेल तर करडा आणि सापडला तर हिरवा. हिरव्या रंगासाठी त्यांनी एक छोटा फटाकाही टाकून दिला होता, तो पडद्यावर फुटणार होता.

पण हेमचंद्र सरकारी माणूस. आधी रीतसर मार्ग. त्यांनी आयर्लंडमधल्या एका नोंदणी कचेरीला फोन लावून काकांच्या लग्नाची नोंद मागितली. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. लग्नाची नक्की तारीख सांगा, म्हणाल्या. हेमचंद्र म्हणाले, तारीख कळावी म्हणूनच नोंद हवी आहे. बाई म्हणाल्या, नोंद काढण्यासाठीच तारीख हवी आहे. मग त्या अतिशय मायेने म्हणाल्या, "आपण अर्ज करून ठेवा, आम्ही बघतो."

हेमचंद्रांनी फोन खाली ठेवला. हे वाक्य त्यांचं होतं. शब्द तेच, सूर तोच, शेवटी येणारी ती किंचित सहानुभूतीही तीच. आपल्या टेबलासमोर चौतीस वर्षं जे लोक उभे होते, त्यांना घरी जाताना कसं वाटत असेल, ते त्यांना पहिल्यांदा समजलं. पण ते फार वेळ समजून घेणं परवडणारं नव्हतं. ते मॅकनमारांकडे वळले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कुलवृत्तान्ताचा म्हणून एक छापील तक्ता असतो. त्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, आईचं माहेरचं नाव, शिक्षण, हुद्दा आणि राहतं घर स्वतःचं की भाड्याचं, एवढी माहिती भरायची असते. श्यामकांतांची सक्त ताकीद होती की एकही रकाना रिकामा आला तर नोंद छापली जाणार नाही. चिंचवलीकरांच्या चौदा पिढ्यांनी हे रकाने आनंदाने भरले आहेत; काहींनी तर न विचारता पगारसुद्धा लिहून दिला आहे. या तक्त्यात काही वावगं असेल, असं हेमचंद्रांच्या स्वप्नातही आलं नाही.

म्हणून पहिल्या मॅकनमाराबाईंनी फोन उचलताच ते इंग्रजीत, स्वच्छ सातारी उच्चारात म्हणाले, "नमस्कार मॅडम. मी नेदरलँड्सहून बोलतो आहे. आपल्या एका दिवंगत नातेवाइकासंबंधी महत्त्वाचं काम आहे. कृपया आपली जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव सांगता का?"

बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्यांनी ठेवला. तिसरे म्हणाले, "आमचा कॉम्प्युटर उत्तम चालतो, त्यात कसलाही व्हायरस नाही, आणि असला तरी तो आम्हाला आवडतो." चौथ्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, "एक मिनिट हं" म्हणाल्या, आणि फोनपाशी तोंड आणून रेफ्रीची शिट्टी फुंकली.

हेमचंद्र कान धरून स्वयंपाकघरात आले. "शिट्टी मारली गं एका बाईंनी."

"तुम्हाला?" जयंतीबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "आयर्लंडच्या बायकांचं काही खरं नाही."

पाचवे गृहस्थ मात्र भले निघाले. त्यांनी चाळीस मिनिटं मुळीच फोन ठेवला नाही. त्यांच्या गाईचं पोट कसं फुगलं, डॉक्टर कसा वेळेवर आला नाही, हे सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की ते मॅकनमारा नाहीतच. मॅकनमारा समोर राहतात, पण ते सुट्टीवर गेले म्हणून त्यांचा फोन उचलायला हे इकडे आले होते. हेमचंद्रांनी तक्त्यात त्यांना पिवळा रंग दिला, मग लाल दिला, मग गाईचं काय झालं ते विचारायला पुन्हा फोन केला. गाय बरी होती.

असे दहा दिवस गेले. दोनशे सात मॅकनमारा झाले. एकशे ब्याण्णव लाल, आठ पिवळे आणि सात करडे. करडे म्हणजे ज्यांच्याबद्दल कुणी ना कुणी "अहो, तो तर केव्हाच गेला" असं सांगितलं होतं असे. उरलेल्या सातांना फोन करायचे होते, तेवढ्यात फोनच बंद पडला.

नुसता त्यांचा नाही. निहारांच्या नावावरचे तिन्ही. त्या सकाळी निहारांवर नायमेखनच्या ऑफिसच्या सर्व्हरची जबाबदारी होती. सर्व्हर पडला आणि लोक निहारांना फोन करत राहिले. अमृताला सरकारी कामासाठी फोनवर येणारा आकडा येईना. संध्याकाळी फोन कंपनीशी बोलून निहार घरी आले ते बूट न काढताच उभे राहिले.

"बाबा, तुम्ही लोकांना आईचं माहेरचं नाव विचारत होतात?"

"अर्थात. रकाना आहे तो."

"आणि जन्मतारीख?"

"आणि जन्मवेळ. पण तिथपर्यंत कुणी पोचतच नाही."

निहार खुर्चीवर बसले. क्लेअर परगण्यातल्या कुठल्याशा रेडिओवर तीन दिवस इशारा देत होते म्हणे: नेदरलँड्सच्या नंबरवरून एक वयस्क, अत्यंत सभ्य भारतीय भामटा फोन करतो, मेलेल्या नातेवाइकाचं नाव काढून हळवं करतो आणि बँकेची गुप्त माहिती काढून घेतो, सावध राहा. चौऱ्याऐंशी तक्रारी होत्या.

"'अत्यंत सभ्य' म्हणाले?" हेमचंद्रांनी विचारलं.

"बाबा!" अमृता ओरडली.

"नाही, मी आपलं विचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागातला पोलीस सायकलवरून आला. सहा फूट पाच इंच. दारातून वाकून आत आला आणि म्हणाला, दहा मिनिटं बोलू या. रायस्वाइकच्या त्या गल्लीत खिडक्यांना पडदे नसतात, त्यामुळे हा प्रसंग समोरच्या चार घरांना आणि योपना पहिल्या रांगेतून दिसत होता. चौतीस वर्षांत ज्यांच्यावर साधी खातेनिहाय चौकशी झाली नाही, त्या हेमचंद्रांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कुलवृत्तान्ताची पहिली आवृत्ती टेबलावर ठेवली आणि पान एकशे त्रेचाळीस उघडलं. जयंतीबाईंनी पोहे केले.

पोलिसाने बराच वेळ ते जाडजूड पुस्तक चाळलं. "ही सगळी माणसं तुमची?"

"चौदा पिढ्या."

"आणि यांनी सगळ्यांनी तुम्हाला जन्मतारीख दिली?"

"वेळसुद्धा."

पोलिसाने पुस्तक मिटलं. त्याने पोहे संपवले. पुन्हा घेतले. मग म्हणाला, "हे बघा, गुन्हा तुम्ही केलेला नाही. पण अनोळखी माणसाला फोन करून आईचं माहेरचं नाव आणि जन्मतारीख विचारायची नाही. हे दोन प्रश्न जगात दोनच प्रकारची माणसं विचारतात: बँक आणि चोर."

"आणि आम्ही," हेमचंद्र क्षीणपणे म्हणाले.

तो दहा मिनिटांसाठी आला होता, तो पाऊण तासाने गेला आणि जाताना पोह्यात पिवळं काय असतं ते विचारून गेला. पण दुपारी योपनी कुंपणापलीकडून नुसता हात वर केला, नेहमीसारखं "काय म्हणता" विचारलं नाही, आणि हेमचंद्रांच्या जिव्हारी लागलं. डच लोक डाव्या बाजूने आलेली सायकल क्षमा करत नाहीत. सायकलवरून आलेला पोलीस कुठून करतील?

रात्रीच्या जेवणाला त्यांनी घोषणा केली. "मी संशोधनातून निवृत्त होत आहे."

"पुन्हा?" जयंतीबाई म्हणाल्या. "वरण घ्या."

कळस चढवला तो श्यामकांतांनी. अमृताच्या लॅपटॉपवर त्यांचा फोन आला. "हेमू, शुक्रवारी पानं छापायला जातायत. एकशे त्रेचाळीसचं काय करू?"

"थोडं थांबता येईल का?"

"चौदा पिढ्यांना तुझ्यासाठी थांबवू? हे बघ, जुनी नोंद तशीच ठेवतो. 'निर्वंश.' आजोबांचं अक्षर आहे शेवटी. आणि हो, त्या पोलिसाचं आत्यांना सांगितलं नाही मी. बाकी सगळ्यांना सांगितलंय."

हेमचंद्र त्यानंतर लॅपटॉपसमोर तसेच बसून राहिले. 'निर्वंश' हा शब्द दुसऱ्यांदा छापला जाणार होता, आणि या वेळी तो त्यांच्या खात्यात पडणार होता. आत्यांना चष्मा लावून कुणीतरी पान वाचून दाखवणार होतं. पडद्यावर सुबोधचा तक्ता उघडा होता. वरपासून खालपर्यंत लाल, मध्ये मध्ये करडं. करडा रंग बघता बघता त्यांना आपली कचेरी आठवली. शेतकरी यायचे, उतारा दाखवायचे. उताऱ्यावर आजोबा. आजोबा वारून चाळीस वर्षं झालेली. जमीन नातू कसतो, घरात नातसुना नांदतात, पण कागदावर आजोबा ठणठणीत. महाराष्ट्रातला निम्मा कारभार मेलेल्यांच्या नावावर चालतो, कारण जिवंत माणसाला नाव बदलून घ्यायचा कंटाळा असतो. हे सत्य हेमचंद्रांइतकं या पृथ्वीवर कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि आपण मेलेल्यांना फोन केलाच नाही!

"अगं," ते ओरडले, "मयतांना फोन करायला हवेत!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "अमृता," जयंतीबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबांचा रक्तदाब बघ."

पण फोन कुठून करणार? घरातले नंबर चालू झाले होते, पण निहारांनी ते सासऱ्यांपासून दूर, वरच्या मजल्यावर ठेवले होते. साऱ्या गल्लीत घरचा जुना फोन उरला होता तो एकाच ठिकाणी. हेमचंद्र शर्टाची इस्त्री नीट करून योपच्या दारात गेले आणि सगळी हकिगत सांगितली: काका, आजोबा, आत्या, पाकीट. योपनी डायरी काढली. "गुरुवार. तीन ते साडेतीन," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "माझाही एक भाऊ कॅनडात गेला होता." आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी तीनला एक मिनिट कमी असताना हेमचंद्र योपच्या दिवाणखान्यात बसले. समोर कॉफी आणि एक बिस्किट. भिंतीवर घड्याळ, घड्याळाखाली योप.

पहिले तीन मयत खरोखरच मयत निघाले, फोन बंद. चौथ्या ठिकाणी, पॅट्रिक मॅकनमारा, मृत्यू २००३, अशा नंबरवर घंटी वाजली आणि एका बाईंनी फोन उचलला.

"नमस्कार मॅडम, मी नेदरलँड्सहून..."

"आलात का एकदाचे!" बाई कडाडल्या. "सोमवारपासून वाट बघतेय मी तुमची! पडदा निळा झालाय आणि हलत नाही. आता काय दाबू ते सांगा."

"मॅडम, मी कॉम्प्युटरवाला नाही."

"तुम्ही सगळे आधी असंच म्हणता. मग दुसरीकडे फोन जोडून देता आणि गाणं लावता. मी आता फोन ठेवणार नाही आणि तुम्हालाही ठेवू देणार नाही."

दोनशे मॅकनमारांनी फोन आपटल्यावर, फोन न ठेवणाऱ्या पहिल्या बाई या. हेमचंद्रांनी योपकडे पाहिलं. योपनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून नऊ मिनिटं. शेवटी, कचेरीतला संगणक बंद पडल्यावर त्यांचा शिपाई जो एकमेव उपाय करत असे, तो हेमचंद्रांनी सुचवला.

"मागची वायर काढा. दहा आकडे म्हणा. परत लावा."

"काढली. म्हटले. लावली. 'थांबा' म्हणतोय."

"मग थांबू या."

दोघं थांबले. नुसतं थांबणं आयरिश माणसाला जमत नाही, हे हेमचंद्रांना गाईवरून ठाऊक होतं.

"तुमचं बोलणं ऐकून बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षांनी असं इंग्रजी कानावर पडलं. माझे वडील तुमच्याच बाजूचे."

हेमचंद्रांच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं.

"डॉक्टर होते. सगळ्या एनिसची बाळंतपणं त्यांनी केली. त्यांचं आडनाव कुणाला जमायचं नाही, म्हणून सगळे नुसतं डॉक्टर वासू म्हणायचे. हे माझ्या मामांचं घर. पॅट्रिकमामा गेले त्याला बावीस वर्षं झाली, पण फोनवरचं नाव बदलायचं राहूनच गेलं बघा."

"राहतंच ते," हेमचंद्र म्हणाले. "मॅडम, तुमचे वडील माझे काका. मी त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा."

पलीकडचा आवाज एकदम थंड झाला. "अच्छा. म्हणजे रेडिओवर सांगतात तो तूच."

"मॅडम, ऐका..."

"नाही, तू ऐक. आता मी विचारणार. माझ्या वडिलांच्या बहिणीचं नाव सांग."

दहा दिवस लोकांच्या आयांची माहेरची नावं विचारत हिंडणाऱ्या माणसाला स्वतःच्याच घराण्याच्या परीक्षेला बसावं लागलं होतं. "नीलांबरी," हेमचंद्र म्हणाले.

योप खुर्चीत पुढे सरकले होते. घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"पुन्हा म्हण," बाई हळूच म्हणाल्या.

"नीलांबरी वामन चिंचवलीकर."

"माळ्यावर एक जाड कापडाची वळकटी आहे," बाई म्हणाल्या. "डॅडी बोटीतून घेऊन आले होते. तिच्यावर तुमच्या अक्षरात काहीतरी शिवलेलं आहे लाल दोऱ्यानं. मी लहान असताना बोट ठेवून ते मला वाचून दाखवायचे. नी-लां-ब-री. आम्हाला वाटायचं, गाणं आहे." तेवढ्यात पलीकडे कसलीशी टिंग वाजली आणि बाई रडता रडता ओरडल्या, "चालू झाला! अरे, चालू झाला हा!"

तिचं नाव नूला. हेमचंद्र घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. योपनी वेळ संपल्याचं सांगितलंच नव्हतं, आणि दुसरं बिस्किटही दिलं होतं. तक्ता भरायचा राहिला होता. जन्मवेळ विचारायची तर आठवणही झाली नाही.

सुबोधने त्या संध्याकाळी रॉटरडॅमहून करड्यातला एक रकाना हिरवा केला. फटाका फुटला.

श्यामकांतांनी छपाई एक आठवडा थांबवली, आणि लगेच 'ऐतिहासिक पुनर्मीलन' रविवारी दुपारी तीनला जाहीर केलं. लॅपटॉपच्या पडद्यावर चार चौकोन होते. पहिल्यात सदरा घातलेले श्यामकांत, हातात भाषणाचे कागद. दुसऱ्यात एनिसची नूला, अठ्ठावन्न वर्षांची, पांढरे केस, आणि नाक थेट आजोबांचं. ज्यांनी तिचा वंश खोडला, त्यांचंच नाक घेऊन ती बसली होती. तिसऱ्यात रायस्वाइकचं सगळं घर आणि योप, गळ्यात टाय. चौथ्यात साताऱ्याच्या आत्या. त्यांच्या पडद्यावर बराच वेळ नुसतं कपाळच दिसत होतं.

श्यामकांत बोलले. चिंचवलीकर कुळाची ध्वजा आज अटलांटिकच्या किनारी कशी फडकली आहे, ते त्यांनी सांगितलं. सुधारलेली नोंद वाचून दाखवली: 'वासुदेव. वैद्यकीय व्यवसाय, एनिस, आयर्लंड. मृत्यू १९९९. कन्या नूला.' जन्मवेळेचा रकाना रिकामा सोडत असल्याचं त्यांनी जड अंतःकरणाने नमूद केलं. हेमचंद्रांचा 'कुलभूषण' असा उल्लेख झाला. हेमचंद्रांनी मान खाली घातली, पण फार नाही, पडद्यावर दिसेल इतपतच.

मग नूलाने, दोन दिवस पाठ केलेला एकच शब्द उच्चारला. "आत्या."

जयंतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. निहारसुद्धा फोनकडे बघत नव्हते. पडद्यावरचं कपाळ हळूहळू खाली आलं, दोन डोळे दिसले, आणि ते नूलाकडे बघत राहिले.

"वासूचीच," आत्या म्हणाल्या. "हेमू, तिला विचार, माझा होल्डॉल आहे का तिच्याकडे?"

"अं?"

"होल्डॉल. माझ्या लग्नातला, नवा कोरा. बोटीवर लागेल म्हणून दिला होता मी. माझं नाव आहे त्याच्यावर."

हेमचंद्रांनी भाषांतर केलं. नूला उठून गेली आणि काखेत वळकटी घेऊन आली. रंग गेला होता, कड कुरतडलेली होती. कुत्र्याचं अंथरूण म्हणून काही वर्षं वापरला, असं तिने ओशाळून सांगितलं. पण लाल दोरा स्पष्ट दिसत होता.

श्यामकांत खाकरले. "आत्या, या ऐतिहासिक प्रसंगी आपण कुळाला दोन शब्द..."

"थांब रे तू," आत्या म्हणाल्या. त्यांनी पडद्याच्या अगदी जवळ येऊन होल्डॉल बघितला. "वासू म्हणाला होता, येताना घेऊन येतो. तो काही आता आणत नाही. हेमू, तिला म्हणावं तुझ्याकडे पाठवून दे, तू येताना आण."

"आणतो, आत्या."

"आणि उघडून बघ आधी," आत्या म्हणाल्या. "पट्टे दोन होते. मोजून घे."